पांढऱ्या डबीतलं मलम

माझ्या मायचे हात खरखरीत होते. कापूस वेचून आणि खुरपून बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या, हिवाळ्यात त्यातून रक्त यायचं. पण त्याच हातांनी ती मला रविवारी न्हाऊ घालायची तेव्हा ते हात मला कधी टोचले नाहीत. आधी करडईचं तेल कोमट करून अंगाला चोळायची. मग डाळीच्या पिठात साय आणि चिमूटभर हळद कालवून चेहरा, मान, कोपर, गुडघे. थोरल्या भावाला ती असलं काही करत नसे. त्याला विहिरीवर पिटाळायची. "तो काळा राह्यला तरी त्याचं काही अडत न्हाई," म्हणायची, "तुझं अडंल."

आमचं गाव राजूरजवळ. जालना जिल्हा नव्यानं वेगळा झाला त्या सुमाराची ही गोष्ट, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. हिवाळ्यात माझे गाल फुटायचे, ओठ उलायचे. माय त्यावर तुपाचं बोट फिरवायची. टाचांना भेगा पडल्या की मेण आणि तेल कढवून त्यात भरायची आणि चटका बसू नये म्हणून वाकून फुंकर घालायची. ती जे लावेल ते मी डोळे मिटून लावून घ्यायची. खरोखरच डोळे मिटून, कारण पीठ डोळ्यांत गेलं की झोंबायचं.

आठवीत गेले आणि चेहऱ्यावर मुरमं उठली. आधी कपाळावर, मग गालांवर, हनुवटीवर. लाल, दुखरी, काहींत पू. मायनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मुलतानी माती लावली, माझे शेंगदाणे आणि गूळ बंद केले. काही फरक पडला नाही. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बसल्या की त्यांचं चालायचं, "पोरीच्या तोंडाचं काही करा बाई, खड्डे पडतेन." मी आत चुलीपाशी बसून ऐकायची. आरशात बघणं सोडून दिलं होतं. कुणी बोलायला आलं की माझा पदर नाहीतर ओढणी आपोआप तोंडावर जायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती जालन्याची, दहावी शिकलेली. तिच्या ट्रंकेत पावडरचा डबा होता, वासाचं तेल होतं आणि एक मलमाची ट्यूब होती. तिच्या मानेवर कधीतरी नायटा झाला होता, तेव्हा घरच्यांनी औषधाच्या दुकानातून आणून दिलेली. एक दिवस माझी हनुवटी वर करून ती म्हणाली, "बाई, हे लावून बघा बरं. माझं तर चार दिवसांत गेल्तं."

तिनंच आपल्या बोटानं लावलं. दुसऱ्या दिवशी उठले तर सगळ्यात मोठं मुरूम बसलेलं होतं. आठवडाभरात चेहरा शांत झाला. महिन्याभरात मुरमांचे डागही फिके पडले आणि मी उजळ दिसायला लागले. मायनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाला नेऊन पाहिला. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "माझ्या पोरीवर तुझे लई उपकार झाले."

वहिनीची ट्यूब संपली तेव्हा माय स्वतः राजूरला गेली. चतुर्थी होती, गणपतीला गर्दी होती. तिनं दर्शन घेतलं आणि येताना औषधाच्या दुकानातून तसलीच ट्यूब आणली. दुकानदारानं काही विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. तेव्हापासून ती ट्यूब आमच्या घरात मिठासारखी झाली, संपायच्या आत दुसरी यायची.

मी खूश होते, हे सांगितलं पाहिजे. बायका विचारायच्या, "काय लावती गं?" मी नुसती हसायची. अकरावी-बारावीला मैत्रिणी माझ्या गालाला हात लावून बघायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडावरची ओढणी काढून बोलत होते.

पण दीड-दोन वर्षांनी काहीतरी बिघडायला लागलं. उन्हात गेलं की गाल पेटल्यासारखे व्हायचे. चुलीपाशी बसवेना. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीखाली लव दाट झाली. आणि एखाद्या दिवशी मलम राहिलं तर लगेच मुरमांचं पीक आल्यासारखा चेहरा भरून यायचा. मी घाबरले. मायही घाबरली, कारण तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. एका ठिकाणच्या लोकांनी "पोरीचं तोंड लाल का?" असं विचारून नंतर काही कळवलंच नव्हतं.

माय मला एसटीनं जालन्याला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकावर ओढून बोलायचे. त्यांनी भिंग लावून माझे गाल बराच वेळ पाहिले. "काय लावता?" त्यांनी विचारलं. मायनं पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली, वाचली आणि मायकडे पाहिलं. ते काही बोलणार तेवढ्यात माय मला म्हणाली, "तू जरा भाईर बस."

मी बाहेर बाकावर बसले. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मायचा आवाज मध्येच चढला, मग बारीक झाला. शब्द कळत नव्हते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या झाकणाची पांढरी डबी होती.

"काय म्हनले?" मी विचारलं.

"काही न्हाई. अंगात उष्णता हाय म्हनले. ही डबी दिली. हे लावत जायाचं रोज."

"आणि ती ट्यूब?"

"ती बंद. आता हेच."

घरी आल्यावर तिनं ती डबी माझ्याकडे दिली नाही. उन्हानं खराब होतं म्हणून आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवली. रोज संध्याकाळी ती स्वतः डबी उघडून माझ्या बोटावर वाटाण्याएवढं मलम ठेवायची. चेहरा परत शांत झाला. मला वाटलं, काय डॉक्टर आहे! देवमाणूस. फक्त एकदा मी म्हणाले, "माय, याचा वास त्या ट्यूबसारखाच येतो."

"औषदाला औषदाचाच वास येनार," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

अंबडची माणसं मला बघायला आली तेव्हा माझा चेहरा सर्वांत चांगला होता. सासूबाईंनी मला खिडकीपाशी बोलावलं, हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडे वळवलं. "नितळ हाय पोरगी," त्या म्हणाल्या. माय दारात उभी होती. ती एवढं मोठं हसली की मला तिची सोन्याची दाढ दिसली. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्यानं जाताना एकदा वळून पाहिलं. उन्हाळ्यात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मायनं पांढरी डबी गच्च भरून माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवली आणि मला गळ्याशी धरून रडली.

डबी पावसाळ्यापर्यंत पुरली. संपत आली तेव्हा मी पंचमीला माहेरी गेले होते. मायला म्हणाले, "डॉक्टरांकडून आणखी एक डबी आणायला सांग ना."

"आता कशाला?" ती म्हणाली. "झालं ना समदं. औषदाची सवय बरी न्हाई. सोड आता."

मी सोडलं. अंबडला परत गेले आणि आठवड्याभरात चेहरा पेटला. मुरमं आली म्हणणं कमी आहे. गाल, हनुवटी, नाकाभोवती सगळीकडे पुवाचे फोड, त्यामधली कातडी लाल आणि सुजलेली, खपल्या निघत होत्या. पाणी लागलं तरी आग व्हायची. हसलं तरी कातडी ताणून चिरायची. रात्री उशीला गाल टेकवता येईना.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी हळद लावली, दुसऱ्या दिवशी कोरफड लावली. तिसऱ्या दिवशी शेजारीण बघायला आली आणि तिच्यादेखत त्या म्हणाल्या, "रंगरंगोटी करून पोरगी दिली वो आमाला. लग्नात कशी व्हती आन् आता बघा. फसवलं बिलकुल."

मी म्हणाले, "आत्याबाई, असं कधीच झालं नव्हतं मला."

"तुला माहीत नसंल तर कुनाला असंल?" त्या म्हणाल्या.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मीच म्हणाले की आपण जालन्याला जाऊ. माझे एक डॉक्टर आहेत, त्यांचं औषध मला लागू पडतं. मी संपलेली डबीही बरोबर घेतली, तेच औषध परत मिळावं म्हणून. ह्यांनी कारखान्यातून अर्धी सुट्टी काढली.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि चष्मा वर सरकवला. "तुम्ही राजूरकडच्या ना? आई बरोबर होती?"

मी हो म्हणाले. एवढ्या पेशंटांत त्यांनी मला ओळखलं म्हणून मला जरा बरंही वाटलं. मी डबी पुढे केली. "तुम्ही दिलेलं हे संपलं, तेव्हापासून असं झालं."

त्यांनी डबीच्या कडेला राहिलेलं मलम बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं. बोटं नळाखाली धरली, परत चोळली. "हे मी दिलेलं नाही," ते म्हणाले. "मी साधं क्रीम दिलं होतं, कोरडेपणासाठी. ते पाण्यानं निघून जातं. हे चिकट आहे. हे तुमचं ते जुनंच मलम आहे."

"नाही डॉक्टर, ती ट्यूब मायनं बंद केली होती."

त्यांनी डबी टेबलावर ठेवली. मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. "तुम्हाला आईनं काही सांगितलं नाही?"

"काय?"

"बाई, मी त्यांना इथं समोर बसवून सांगितलं होतं. हे मलम चेहऱ्यासाठी नाही. यानं कातडी पातळ होते, मग कातडीला त्याची सवय लागते. हळूहळू बंद करावं लागेल, बंद करताना पाच-सहा महिने चेहरा खराब होईल, तो होऊ द्यावा लागेल. त्या म्हणाल्या, पोरीला बघायला लोक येतात, लग्न होईपर्यंत चालू राहू द्या. मी नाही म्हणालो. बराच वाद घातला त्यांनी माझ्याशी. म्हणून तर लक्षात राहिल्या."

पंख्याचं पातं कुठेतरी घासत होतं, तो आवाज मला अजून आठवतो. डॉक्टर पुढे काय काय सांगत होते, साबण नाही, ऊन नाही, वाफ नाही. हे शेजारी बसून ऐकत होते, मान हलवत होते. मला एकच दिसत होतं. माय फडताळापाशी पाठमोरी उभी राहून ट्यूब डबीत पिळते आहे. आणि मग वळून माझ्या बोटावर ठेवते आहे. रोज.

परतीच्या वाटेवर ह्यांनी मोटारसायकल एका लिंबाखाली थांबवली, मला सावली हवी म्हणून. मग म्हणाले, "तुला खरंच माहीत न्हवतं?"

"तुमची शप्पथ, न्हवतं."

"आपल्या तोंडाला आपण काय लावून राह्यलो, हे माणसाला माहीत नसतं व्हय?"

मायनं दिलं म्हणून लावलं, हे उत्तर होतं. पण ते त्या उन्हात, पू वाहणाऱ्या तोंडानं सांगताना मलाच खोटं वाटलं. ते गाडीला किक मारता मारता म्हणाले, "चेहरा बघून होकार देल्ता मी. आणि चेहराच माझा न्हवता म्हणायचा." त्यांना 'तुझा' म्हणायचं असेल, घाईत 'माझा' निघून गेलं. मी दुरुस्त केलं नाही.

घरी जाऊन त्यांनी सगळं सासूबाईंना सांगितलं. निदान मायचं नाव सांगतील आणि मला सोडतील असं मला वाटलं होतं. पण सासूबाईंना माय आणि मी एकच होतो. "मायलेकीनं मिळून केलं," त्या म्हणाल्या. त्या घरात ते वाक्य पुढे बरीच वर्षं राहिलं. मी एकटी फसले होते आणि फसवणाऱ्यांत मला धरलं होतं.

दसऱ्याआधी मी माहेरी गेले. तोंडाला ओढणी गुंडाळून एसटीत बसले. माय अंगणात ज्वारी पाखडत होती. माझी ओढणी सुटली तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"अगं बाई! काय झालं हे?"

"डबीत काय होतं माय?"

ती खाली वाकली. ज्वारी परत सुपात घ्यायला लागली.

"मी डॉक्टरकडे गेल्ते. त्यांनी सांगितलं मला. माझ्या नवऱ्यासमोर सांगितलं. डबीत काय होतं?"

"मंग काय करायचं व्हतं म्या?" ती एकदम म्हणाली. "सहा म्हैने पोरीचं तोंड फुटलेलं ठेवायचं? तेवढ्यात कोन आलं असतं तुला बघायला? त्या डॉक्टरला काय, त्यानं सांगितलं. त्याला पोरगी उजवायची न्हवती."

"मला सांगायचं होतं. मी थांबले असते."

"तू थांबली असती. लोक थांबत नसते."

"माय, तुला माहीत होतं माझं असं होणार आहे. लग्नानंतर होणार आहे, तिकडे होणार आहे, हे माहीत होतं तुला."

ती सुपातले खडे वेचत राहिली. "नवऱ्याच्या घरी बाई आजारी पडली तर ते बघतेत," ती म्हणाली. "बघायलाच पायजे त्यांना. माझ्या घरी आजारी पडली असती तर घरीच राह्यली असती."

म्हणजे तिनं सगळा हिशोब केला होता. मी कुठे फुटायचं हे तिनं ठरवलं होतं.

वहिनी सगळा वेळ दारामागे उभी होती. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा ती रडायला लागली. "बाई, मला माहीत व्हतं," ती म्हणाली. "राजूरहून ट्यूब मीच आणायची. तुमच्या भावाला सुद्दा माहीत न्हवतं. सासूबाईंनी मला पोटातल्या लेकराची शप्पथ घातल्ती." वहिनीला मी थोरली बहीण मानायची. तिच्याच हातानं मला ते पहिलं मलम लागलं होतं, पण तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याबद्दल माझा राग नाही. नंतर ठाऊक झालं आणि ती रोज माझ्याशी हसून बोलत राहिली, माझ्या वेणीत फुलं माळत राहिली, त्याचा आहे. मी न जेवता परत निघाले. एसटी यायला वेळ होता, तोवर फाट्यावर एकटीच उभी होते.

चेहरा बरा व्हायला वर्ष लागलं. बरा म्हणजे फोड गेले. कातडी पातळच राहिली, लाल शिरा राहिल्या, हनुवटीवरची लव राहिली. तेव्हा आम्ही जालन्याला खोली घेतली होती, ह्यांना कारखाना जवळ पडावा म्हणून. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि बायका समजायच्या की माझा चेहरा असाच आहे, त्यामुळे बरं वाटायचं. थंड पाणी, साबण नाही, दुपारी बाहेर नाही, स्वयंपाक सकाळी लवकर. ह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. एकदा बाजारातून येताना माझ्यासाठी काळी छत्री घेऊन आले आणि दाराच्या खुंटीला अडकवून ठेवली. त्या छत्रीबद्दलही आम्ही कधी बोललो नाही. पण त्यांनी माझ्या गालाला हात लावला नाही. आधी दुखेल म्हणून, नंतर सवय गेली म्हणून.

पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी जावं लागलं. मी नको म्हणत होते, पण सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मायचं काम तुझ्या मायनं करावं." मुलगी झाली. सावळी, मायच्याच रंगाची. पाचवी झाली आणि माय पाय लांब सोडून बसली, तिला मांडीवर घ्यायला हात पुढे केले. बाजूला तेलाची वाटी होती, पिठाची वाटी होती.

मी म्हणाले, "थांब." वाटी उचलून वास घेतला. बोट बुडवून चाटून बघितलं. करडईचं तेल होतं. पीठही चाखलं. मग बाळ तिच्या मांडीवर दिलं.

तिनं बाळाला सुरेख चोळलं. पाठ, तळवे, काखेतल्या वळ्या, मानेखाली कुठे ओलं राहू नये म्हणून मऊ फडक्यानं टिपून घेतलं. तिच्याइतकं चांगलं ते काम मला कधी जमलं नाही. पण मी तिथे होते तोवर रोज वाटीचा वास घेतला, रोज चाखलं. पुढे पुढे मी मागायच्या आत ती वाटी माझ्याकडे सरकवायची. एकदा फक्त म्हणाली, "इख घालीन का मी लेकराला?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" ती दिवसभर बोलली नाही. तिला लागलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी परत वास घेतला.

वर्षं गेली. मी सणाला जायची, यायची. आमच्यात भांडण असं राहिलं नाही, पण मी तिला काही सांगायचं बंद केलं. दुखलंखुपलं सांगितलं नाही, दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि राहिले नाहीत तेही सांगितलं नाही. तिला वहिनीकडून कळायचं.

मुलगी सातवी-आठवीत असताना मायच्या अंगाला खाज सुरू झाली. साखरेचा आजार निघाला होता. नडग्यांची कातडी कोरडी पडून माशाच्या खवल्यांसारखी झाली, ती खाजवून खाजवून जखमा करायची. भावानं तिला जालन्याला माझ्याकडे आणून सोडलं. जुने डॉक्टर तोवर राहिले नव्हते. मी तिला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मायला कमी ऐकू येतं म्हणून सगळं माझ्याशीच बोलायला लागल्या. माय खुर्चीत पुढे सरकली. "मला सांगा," ती म्हणाली, "तिला न्हाई."

बाहेर आल्यावर रिक्षात ती दोनदा म्हणाली, "खरं सांग, काय म्हनल्या? पाय कापावा लागंल म्हनल्या का?"

"नाही माय. गरम पाणी नको, साबण कमी, आंघोळ झाली की ओल्या अंगाला तेल लावायचं. नखं कापायची. एवढंच."

"आनखी काही?"

"आणखी काही नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला खात्री वाटेना. माझ्यासारखी बाई खोटं सांगू शकते असं तिला का वाटत होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण रिक्षावाला पुढे बसलेला होता.

मी तिचे पाय रोज तेलानं माखले. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्यात मी काही कमी केलं नाही. महिन्याभरात कातडी मऊ पडली. शेजारणी म्हणायच्या, "लेक असावी तर अशी." माय मान हलवायची.

एका दुपारी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आरशापुढे उभी राहून कपाळावरचं मुरूम चाचपायला लागली. तिला नुकतीच यायला लागली होती. माय पलंगावरून बघत होती. म्हणाली, "हिला काही लाव की. आत्ता तोंड जपलं न्हाई तर मंग जड जातं."

मी मायचे पाय पुसत होते. फडकं खाली ठेवलं. "तुझ्या आजीला विचार," मी मुलीला म्हणाले, "माझ्या तोंडाला तिनं काय लावलं होतं."

आणि मग मी सगळं सांगितलं. ट्यूब, डबी, बाहेरचं बाकडं, डॉक्टरांची खोली, लिंबाखाली थांबलेली मोटारसायकल. आवाज चढवला नाही. मुलगी आरशापासून वळून उभी होती. तिला एवढंच माहीत होतं की आईला ऊन सोसत नाही.

माझं संपल्यावर ती आजीकडे वळली. "आजी, खरं आहे का हे?"

मायनं पांघरुणाची कड सारखी केली. "खरं हाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ते दोन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मग म्हणाली, "मंग काय करायचं व्हतं? तू सांग, तू शाळेत जाती."

मुलगी थोडा विचार करून म्हणाली, "आईला विचारायचं होतं. चेहरा तिचा होता ना."

माय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी चहा दिला तो घेतला नाही. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले तर पाय जवळ ओढून घेतले. दोन दिवसांनी म्हणाली, "मला गावाकडं नेऊन घाला." ह्यांनी जीप ठरवून दिली. निघताना मी तेलाची बाटली आणि पट्ट्या पिशवीत दिल्या, कसं करायचं ते वहिनीला फोनवर समजावून सांगितलं. माय नातीच्या डोक्यावरून हात फिरवून गाडीत बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "सासूबाई लई दुखावल्या बाई," ती म्हणाली. "म्हनतेत, पोटच्या पोरीनं नातीपुढं उघडं पाडलं मला. असा दगा करायला नको व्हता."

मी विचारलं, "दगा म्हणाली?"

"असंच म्हनल्या."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मायची समजूत काढायला जावं असं ह्यांनी सुचवलं. भावानंही निरोप पाठवला. मी संक्रांतीला गेले, तीळगूळ दिला, तिच्या पाया पडले, नडग्या बघितल्या. वहिनीनं तेल नीट लावलं होतं, कातडी चांगली होती. मायनं वहिनीला माझं पान वाढायला लावलं आणि स्वतः माझ्या पानात तूप सोडलं. त्या विषयावर ती बोलली नाही, मीही बोलले नाही. माफ केलं असं मी म्हणू शकत नाही आणि ती माझी माय नाही असंही म्हणू शकत नाही. जेवण झाल्यावर दुपारची एसटी होती. ऊन चढलं होतं, म्हणून मी भावाला म्हणाले, मला फाट्यापर्यंत सोड.